अण्णांची किमो चालू आहे, प्रोबायोटिक पावडर द्यावी का?

स्नेहलतागंजची_सून:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला, ऑपरेशन झालं आणि आता दर ३ आठवड्यांनी सलाइनमधून ऑक्सालिप्लॅटिन अन् घरी कॅपेसिटाबिनच्या गोळ्या असं चाललंय, तिसरी सायकल झाली. परवा मामेसासरे प्रोबायोटिक पावडरचा हा एवढा डबा घेऊन आले, म्हणे पोटातले चांगले जंतू मेले म्हणून कॅन्सर होतो, ते परत भरा. सासूबाई लगेच चमचा घेऊन तयार. मी म्हटलं आधी डॉक्टरांना विचारू, तर घरात मीच वाईट 😐 जंतूंचा अन् कॅन्सरचा खरंच काही संबंध असतो की नुसतं व्हॉट्सॅप? अण्णा दही मागतात, ते तरी चालेल का?

रामबागवाले_काका:
संबंध आहे सूनबाई, मी जन्मभर मायक्रोबायोलॉजी शिकवली. मामेसासरे अगदीच हवेत बोलत नाहीयेत, फक्त गाडी भलत्याच रस्त्याने नेतायत. पक्कं उदाहरण म्हणजे जठरातला एच. पायलोरी. बॅरी मार्शल नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ साली तो जंतू चक्क पिऊन टाकला, जठराला सूज आली, अन् पुढे २००५ मध्ये त्याला आणि त्याचा सहकारी वॉरनला नोबेल मिळालं. १९९४ मध्येच हा जंतू जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत कॅन्सरकारक गोष्टींच्या पहिल्या, म्हणजे पक्का पुरावा असलेल्या गटात गेला होता. म्हणजे इथे जंतू भरायचे नाहीत, अँटिबायोटिक देऊन मारायचे. अण्णांच्या आतड्याचं प्रकरण वेगळं. तोंडात, दातांच्या किटणात राहणारा फ्युसोबॅक्टेरियम तिथल्या गाठींत सापडतो हे २०१२ पासून माहीत आहे, काही ई. कोलाय कोलिबॅक्टिन नावाचं विष बनवून पेशींचा डीएनए बिघडवतात. पण गाठ आधी की जंतू आधी, हे भांडण अजून मिटलेलं नाही. चमचाभर पावडरने ते कसं मिटणार?

किमोवाल्या_आईची_लेक:
ताई, डबा उघडू नका. माझ्या आईला हीच औषधं होती, पांढऱ्या पेशी खाली आल्या तेव्हा डॉक्टरांनी अशा कॅप्सूल बंदच करायला लावल्या, कारण तेव्हा ते जिवंत जंतू क्वचित रक्तात शिरून इन्फेक्शन करू शकतात. दही आम्हाला चाललं, घरी तापवलेल्या दुधाचं, त्याच दिवशीचं, पण तुम्ही सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, दाखवून विचारा. आणि फ्रिजातलं नको हं! ऑक्सालिप्लॅटिननंतर गार काही घशाला लागलं की आईला काचा टोचल्यासारखं व्हायचं, स्टीलचा गार पेला धरला तरी बोटांना करंट, मी पेल्याला रुमाल गुंडाळून द्यायचे. आपल्या इंदूरच्या सराफा बाजारातला दहीवडा तर किमो संपेपर्यंत विसराच.

पोहे_जीरावण:
भिया लोक, एक भर घालतो. २०२१ मध्ये मेलॅनोमाच्या (त्वचेचा एक कॅन्सर) ज्या पेशंटना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारे उपचार, लागू पडत नव्हती त्यांना, ज्यांना लागू पडली होती अशांच्या विष्ठेतले जंतू दिले (हो, तेच, जेवताना वाचू नका), एका प्रयोगात १० पैकी ३ आणि दुसऱ्यात १५ पैकी ६ जणांना फायदा दिसला. त्याच वर्षीच्या अजून एका अभ्यासात फायबर जास्त खाणारे बरे निघाले, प्रोबायोटिकच्या गोळ्या घेणाऱ्यांना काही खास मिळालं नाही, उंदरांमध्ये तर उलटाच परिणाम. अर्थात हे सगळं इम्युनोथेरपीचं, अण्णांच्या किमोला तसंच्या तसं लावू नका. या विषयात मोठमोठे लोकही घसरतात, गाठींतल्या जंतूंच्या डीएनएवरून कॅन्सर ओळखतो म्हणणारा २०२० चा एक गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घ्यावा लागला, बरेचसे जंतूंचे म्हणून मोजलेले तुकडे माणसाच्याच डीएनएचे निघाले.

स्नेहलतागंजची_सून:
सगळ्यांचे आभार. आज सकाळी डॉक्टरांना फोन केला, पावडर नाही म्हणाले, दह्याचं सोमवारी सीबीसी बघून सांगतील. सासूबाईंनी डबा वरच्या फळीवर ठेवलाय. अण्णांनी तो बघून एवढंच विचारलं, पोह्यांवर भुरभुरायचं जीरावण आहे का गं ह्यात?