नवीन पीसी बनवला पण व्हॅलोरंट अडकतंय, ओव्हरक्लॉक करू का?

वऱ्हाडी_गेमर (अकोला)

नमस्कार मंडळी. दोन वर्षं पैसे साठवून मागच्या महिन्यात पहिला पीसी बनवला. पार्ट लॅमिंग्टन रोडवरून आणले आणि मी अन चुलत भावाने मिळून घरीच जोडला, पहिल्या फटक्यात चालू झाला तेव्हा घरात पेढे वाटले.

प्रोसेसर रायझन ५ ५६००, त्याच्या डब्यातला कूलर, बी५५० मदरबोर्ड, १६ जीबी ३२०० ची डीडीआर४ रॅम, आरएक्स ६६०० ग्राफिक्स कार्ड, ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी, ६५० वॉटचा ब्रॉन्झ पॉवर सप्लाय, १०८०पी १६५ हर्ट्झचा मॉनिटर.

आता अडचण. व्हॅलोरंट या ऑनलाइन शूटिंग गेममध्ये एकटा फिरताना १८०-२०० एफपीएस (सेकंदाला इतकी चित्रं) दिसतात, पण साइटवर (बॉम्ब लावायच्या जागी) सगळे एकत्र आले, स्मोक पडले, अल्ट (मोठ्या पॉवर) सुरू झाले की डायरेक्ट ९० वर येतो अन माऊस जड वाटतो. जीटीए ५ मध्ये शहरात गाडी जोरात पळवली की दर थोड्या वेळाने झटका बसतो. ग्राफिक्स लो केले काय अन हाय केले काय, आकडा तेवढाच. ग्राफिक्स कार्ड ५०-५५ टक्क्यांच्या वर जातच नाही, काहून ते समजून नाही राहिलं.

एका व्हिडिओत पाहिलं की प्रोसेसर ओव्हरक्लॉक करा, म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवा, ४.६ गिगाहर्ट्झवर लॉक करा अन व्होल्टेज १.४ द्या. करू का? पैसे परत जमवायला वेळ लागेल म्हणून भीती वाटते.

घड्याळवाला (पुणे)

अभिनंदन मित्रा, पहिला पीसी स्वतः जोडण्याची मजा वेगळीच असते.

तुझ्या प्रश्नातच निम्मं उत्तर आहे बघ. सेटिंग लो केली तरी एफपीएस वाढत नाही आणि कार्ड ५५ टक्क्यांवर बसून आहे, म्हणजे कार्डाला काम मिळतच नाहीये, त्याला काम पुरवणारा प्रोसेसर किंवा त्याला डेटा पुरवणारी रॅम मागे पडतेय. व्हॅलोरंटचं तसंही सगळं ओझं प्रोसेसरवर असतं. पण ५६०० इतका कमी पडू नये, म्हणून माझा संशय रॅमवर आहे.

टास्क मॅनेजर उघड, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक कर. तिथे दोन गोष्टी बघ, स्पीड किती दाखवतंय आणि स्लॉट किती वापरलेत. हे सांग, मग पुढचं बोलू. तोवर व्होल्टेजला हात लावू नकोस.

वऱ्हाडी_गेमर (अकोला)

भाऊ स्पीड २४०० दाखवतंय. स्लॉट ४ पैकी १. दुकानदार म्हणाला होता रॅमची १६ ची एकच कांडी घे, पुढे वाढवता येईल. पण डब्यावर तर ३२०० लिहिलंय??

घड्याळवाला (पुणे)

सापडलं मग. रॅमच्या डब्यावरचा ३२०० हा आपोआप लागत नाही. बोर्ड सुरुवातीला सुरक्षित स्पीड लावतो आणि खरा स्पीड रॅममध्ये एक्सएमपी नावाच्या प्रोफाइलमध्ये लिहिलेला असतो, तो बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणारा बोर्डाचा सेटिंग मेनू) जाऊन आपणच चालू करायचा. काही बोर्डांवर त्याचं नाव डीओसीपी असतं, गोष्ट तीच.

दुसरं म्हणजे एकच कांडी. हिशेब करून बघ. एका कांडीचा रस्ता ६४ बिटचा, म्हणजे ८ बाइट. २४०० वर सेकंदाला १९.२ जीबी डेटा जातो. दोन कांड्या ३२०० वर लावल्या की तोच आकडा ५१.२ होतो, अडीच पटीपेक्षा जास्त! म्हणजे तू पैसे मोजलेली गाडी दुसऱ्याच गिअरमध्ये चालवतोयस. रायझनमध्ये अजून एक भानगड आहे, प्रोसेसरच्या आतले भाग ज्या इन्फिनिटी फॅब्रिकने जोडलेत त्याचा वेग साधारणपणे रॅमसोबतच चालतो. ३२०० ची रॅम प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झवर चालते आणि फॅब्रिकही १६०० वर. रॅम २४०० वर असेल तर फॅब्रिकही १२०० वर येऊ शकतं, मग साइटवर गर्दी झाली की आकडा कोसळतो.

आज एक्सएमपी चालू कर, फुकट आहे. आणि जमेल तेव्हा तीच कंपनी, तोच मॉडेल नंबर असलेली दुसरी कांडी घे. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लाव. पहिल्या-दुसऱ्यात किंवा तिसऱ्या-चौथ्यात अशा शेजारी लावल्या तर ड्युअल चॅनेल (दोन रस्ते एकदम) मिळत नाही, ही चूक भरपूर लोक करतात. सीपीयू-झेड (पीसीच्या पार्टची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) मध्ये १६०० दिसलं तर घाबरू नको, ते अर्धाच आकडा दाखवतं.

पंचगंगा_पीसी (कोल्हापूर)

भावा, ते १.४ व्होल्टचं डोक्यातनं काढ आधी. ५६०० स्वतःच ४.४ पर्यंत बूस्ट मारतोय. ४.६ ला लॉक केलास तर फायदा फार तर साडेचार टक्के, आणि त्यासाठी डब्यातल्या छोट्या कूलरवर सगळ्या कोअरना (प्रोसेसरच्या आतल्या काम करणाऱ्या भागांना) १.४ व्होल्ट सतत द्यायचे? प्रोसेसर ९० अंशाला टेकला की स्वतःच वेग कमी करतोय, म्हंजे उलटंच व्हायचं.

रायझनला ओव्हरक्लॉक करायचंच असलं तर बायोसमधली पीबीओ (आपोआप बूस्ट वाढवणारी सोय) आणि त्यातलं कर्व्ह ऑप्टिमायझर वापर. त्यात वेग लॉक करायचा नसतो, प्रत्येक वेगाला लागणारं व्होल्टेज थोडं खाली ओढायचं असतं. एक पायरी म्हंजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. निगेटिव्ह १० पासून सुरू कर. व्होल्टेज कमी म्हंजे उष्णता कमी, उष्णता कमी म्हंजे तो आपोआप जास्त वेळ वरच्या वेगात राहतोय. पॉवर लिमिट आहे तशीच, ७६ वॉटला ठेव, त्या कूलरला तेवढंच झेपतं.

आणि रॅम झाल्याशिवाय ह्यातलं काही करू नको, नाहीतर कशानं काय झालं तेच कळायचं नाही. एकावेळी एकच बदल, आधी मोजायचं, नंतर मोजायचं. नुसता सरासरी एफपीएस बघू नको, आफ्टरबर्नर सॉफ्टवेअरमध्ये खालचा १ टक्का (सगळ्यात वाईट क्षणांचा एफपीएस) लाव, तुझा त्रास तिथं दिसतोय.

गोदाकाठ (नाशिक)

दोन-तीन गोष्टी राहिल्या म्हणून लिहितेय.

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन रिफ्रेश रेट बघ. माझ्या भावाने सहा महिने १४४ चा मॉनिटर ६० वरच वापरला होता, विंडोज कधी कधी आपोआप वर नेत नाही. केबल मॉनिटरसोबत आलेली डिस्प्लेपोर्टची लाव.

बायोसमध्ये आहेसच तर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू कर, त्यासाठी सीएसएम (जुनी बूट पद्धत) बंद लागतं. ५६०० आणि ६६०० दोन्हीला ते चालतं. फक्त एक सांभाळ, विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम आणि सिक्युअर बूट (बायोसमधल्या सुरक्षेच्या दोन सोयी) दोन्ही लागतात. बायोस अपडेट केलं किंवा सेटिंग रीसेट झाली की काही बोर्डांवर हे बंद पडतात आणि गेम उघडतच नाही, मग लोकांना वाटतं ओव्हरक्लॉकने पीसी गेला. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेव, हे खरंच कर.

आणि तू अकोल्याचा आहेस म्हणून आवर्जून सांगते. आत्ता खोलीत २५ अंश असताना प्रोसेसर ७२ वर असेल तर खोलीपेक्षा तो ४७ ने गरम आहे. मे महिन्यात खोली ४० ला गेली की हाच आकडा ८७ च्या घरात जाईल. हिवाळ्यात पास झालेलं ओव्हरक्लॉक उन्हाळ्यात पडतं ते ह्यामुळे. पुढचे पंखे हवा आत घेतात ना, मागचा बाहेर फेकतो ना, ते कागदाचा तुकडा धरून बघ. पुढची जाळी दर महिन्याला झटक. आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घे, कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बाकी सगळं सोडून आधी ते.

वऱ्हाडी_गेमर (अकोला)

ताई, मॉनिटर खरंच ६० वर होता!! १६५ केल्यावर डेस्कटॉपवर माऊस फिरवतानाच फरक दिसला.

एक्सएमपी पहिल्याच वेळी लागलं. मग पंधरा दिवस थांबून तोच मॉडेल नंबर असलेली दुसरी कांडी घेतली, दुसऱ्या-चौथ्या स्लॉटला लावली, रात्रभर मेमटेस्ट (रॅमची तपासणी) चालवली, एकही एरर नाही. आता व्हॅलोरंटमध्ये गर्दीतला सगळ्यात खालचा आकडा १६० च्या आसपास राहते, आधी ९० होता. जीटीए चे झटके जवळपास गेले. कार्ड पण आता ७५ टक्क्यांपर्यंत जाते.

मग कर्व्ह ऑप्टिमायझर निगेटिव्ह १० लावलं, सिनेबेंच (प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी चाचणी) अर्धा तास चालवलं, मस्त. उत्साहात निगेटिव्ह २५ केलं, तेही सिनेबेंचला पास. पण रात्री पीसी नुसता चालू होता, ब्राउझर उघडा, कोणी हात लावला नाही अन स्क्रीन काळी होऊन रीस्टार्ट. लोड नसताना काहून बंद पडला? काही जळलं तर नाही ना?

पंचगंगा_पीसी (कोल्हापूर)

काही जळलं नाही भावा, निवांत रहा. सिनेबेंचमध्ये सगळे कोअर एकदम राबतात म्हणून वेग थोडा खालीच असतोय. ब्राउझर उघडा असताना मात्र एखादा कोअर क्षणभर सगळ्यात वरच्या वेगाला उडी मारतोय, आणि नेमकं तिथंच २५ पायऱ्यांनी कमी केलेलं व्होल्टेज त्याला पुरत नाही. म्हणून कर्व्ह ऑप्टिमायझरचं खोट जड कामात नाही, हलक्या कामात उघडं पडतं. विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघ, डब्ल्यूएचईए नावाची (हार्डवेअरच्या चुकीची) एरर दिसण्याची शक्यता आहे.

कोअरसायकलर नावाचं साधन घे, ते एकेका कोअरला एकटंच पळवतंय, रात्रभर लावून ठेव. ज्या कोअरवर एरर येईल तेवढ्याचाच निगेटिव्ह आकडा कमी कर, बाकीचे खाली राहू देत. सगळे कोअर सारखे नसतात, जे विंडोजला सगळ्यात चांगले वाटतात त्यांच्याकडंच खाली ओढायला जागा कमी असते. बायोसच अडकला तर क्लिअर सीमॉस करायचं, म्हंजे सेटिंग मूळ जागी आणायची, पॉवर काढून बोर्डवरच्या जंपरनं किंवा बटन सेल थोडा वेळ काढून.

वऱ्हाडी_गेमर (अकोला)

तसंच निघालं भाऊ, डब्ल्यूएचईए च्या दोन एरर होत्या. कोअरसायकलरमध्ये कोअर २ आणि ४ पडले, ते दोन निगेटिव्ह ८ वर आणले, बाकीचे निगेटिव्ह १८. दोन रात्री चालवलं, एरर नाही. सिनेबेंचमध्ये तापमान ७९ होतं ते ७३ वर आलं. बायोसचं प्रोफाइल पेनड्राइव्हवर सेव्ह केलंय, अन टीपीएम-सिक्युअर बूट कुठल्या मेनूत आहे त्याचा फोटो काढून ठेवलाय.

अर्थिंगचं पण पाहिलं. खोलीतल्या सॉकेटला अर्थची वायरच जोडलेली नव्हती, इलेक्ट्रिशियनने काल जोडून दिली. मे मध्ये परत रीडिंग टाकतो.