जीआय (जस्ताचं कोटिंग असलेल्या) शीटला स्पॉट वेल्ड सकाळी पक्का, दुपारी हाताने सुटतो, मदत हवी आहे

मंडळी, आठवडाभर डोकं पिकलंय. साध्या सीआर (बिनकोटिंगच्या पोलादी) शीटचे ब्रॅकेट स्पॉट वेल्डिंगने मारायचो, १.२ ला १.२ एमएम, ९ हजार अँपिअर, १० सायकल (करंट किती वेळ द्यायचा ते), टिपांकडे (शीट दाबून करंट देणारी टोकं) ढुंकून बघावं लागायचं नाही. आता तोच जॉब जीआयमध्ये आलाय. जुन्या सेटिंगवर तर स्पॉट धरेचना, मग करंट साडेअकरा हजार केला, सायकल १४ केल्या, सकाळचे जॉब छिन्नी घालून उघडले तर मस्त बटण (एका शीटला धरून उपटून येणारा वेल्डचा गोळा) निघतंय. पण तीनेकशे स्पॉट झाले की टिप चिकटायला लागते, हिसका दिला की टक् करून सुटते, शीटवर तांबूस डाग पडतो आणि टिपेच्या तोंडावर पिवळी साय धरलेली दिसते. त्यानंतरचे स्पॉट वरून बघायला झकास, हातात धरून पिळलं की सुटले. करंट अजून वाढवला तर नुसते छर्रे उडतात. सुपरवायझर म्हणतात स्पॉटच्या जागी ग्राइंडर मारून कोटिंग काढा. अहो मग जीआय घेतलीच कशाला?

प्रतिसाद
दादा ग्राइंडर अजिबात नको. ती पिवळी साय म्हणजे पितळ आहे! जस्त ४२० डिग्रीलाच वितळतं, लोखंडाला १५०० च्या आसपास लागतात, म्हणजे शीट वितळायच्या आधीच जस्त पाणी होऊन टिपेच्या तांब्यात शिरतं. तोंड मऊ पडून पसरतं. ६ एमएमचं ७ झालं की क्षेत्रफळ ३६ टक्के वाढलं, करंट तोच, मग नगेट (दोन शीटच्या मध्ये वितळून जोडणारा गोळा) बनणार कुठून? तुमचं ३०० ला बिघडतंय ना, मग दर दीडशेला ड्रेसिंग करा (टिपेचं तोंड कापून परत आकारात आणा), पण ड्रेसरने, हाताने फाइल मारली की तोंड तिरकं होतं. प्रेशर थोडं वाढवा, छर्रे त्यानेच कमी होतील. बटण साडेपाच एमएमच्या आसपास यायला हवं, साडेचारच्या खाली गेलं की थांबा. टिपा कुठल्या मटेरियलच्या आहेत? आणि धूर ओढायची सोय करा, जस्ताच्या धुराने रात्री थंडीताप भरतो, मी भोगलाय.

धागाकर्ता
टिपा आमच्याच लेथवर काढलेल्या, साध्या तांब्याच्या रॉडच्या. सीआरला चालल्या म्हणून कधी विचारच केला नाही.

प्रतिसाद
घ्या! साधं तांबं गरम झालं की लगेच मऊ पडतं हो. क्रोमियम झिर्कोनियम कॉपरच्या आणा. आणि टिप काढून आतली टिप थंड ठेवणारी पाण्याची नळी बघा, ती पार तळाजवळ पोचायला हवी.

धागाकर्ता
आत्ताच खालची टिप काढली. नळी बोटभर आखूड आहे, कोणीतरी कापून बसवलीय. वरची उद्या बघतो, टिपांची ऑर्डर टाकली.