मदत हवी आहे: मनोरीच्या समुद्राचा खारटपणा कसा मोजायचा?

नमस्कार मंडळी. मुंबईत मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प ठरलाय, रोज २० कोटी लिटरचा, पुढे ४० कोटी. गोडं पाणी काढून उरतं ते जवळजवळ दुप्पट खारट, आणि ते परत समुद्रातच सोडतात. जड असल्यानं ते तळाशी बसतं, नीट मिसळलं नाही तर तिथला प्राणवायूही कमी होतो. मासा पळेल, पण तिसऱ्या, कालवं अशा शिंपल्या कुठे जाणार? आई अजून ओहोटीला खडकावर कालवं काढते, बोटं चिरलेली असतात तिची.

म्हणून प्रकल्प सुरू होण्याआधीच्या खारटपणाच्या नोंदी आत्ताच करून ठेवायच्यात. तळाचं पाणी बाटलीत कसं भरायचं? रिफ्रॅक्टोमीटर (थेंबभर पाण्यातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारटपणा दाखवणारं हातातलं यंत्र) पुरेल का? भरतीला मोजू की ओहोटीला? सागरी जीवशास्त्र शिकलेल्यांनी कृपया सांगा.