कृपा आणि मजुरी

‘तारण (पापातून सुटका) फुकटात मिळणार असेल तर माणूस चांगलं कशाला वागेल?’ हा प्रश्न रास्त आहे. पण बायबलमधल्या इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातली ८ आणि ९ ही वचनं, म्हणजे तारण देवाच्या कृपेने मिळतं, कर्मांनी नाही, एवढं वाचून सगळे थांबतात. १० व्या वचनात सत्कृत्यं आहेतच, फक्त तारणाची किंमत म्हणून नाहीत. ती नंतर येतात.

आमचे वडील सोलापुरात यंत्रमागावर होते. मजुरी नगावर, डागी चादरीचे पैसे कापून. देवाचाही हिशेब तसाच असणार, असं धरून चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेतात तेव्हा, मागच्या बाकावर बसून राहायचे. एकदा पाळक (चर्चचे धर्मगुरू) जवळ येऊन म्हणाले, “दादा, हे जेवण म्हणजे मजुरी आहे होय?” त्या दिवशी त्यांनी भाकर घेतली, हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी पाळीला नेहमीसारखे वेळेवर गेले.