मदत हवी आहे: न्यूयॉर्कमध्ये आई-बाबांबरोबर स्वस्तात जेवण आणि टिपचं टेन्शन

नमस्कार मंडळी, ऑक्टोबरमध्ये आई-बाबांना घेऊन न्यूयॉर्कला जातेय. हॉटेल लाँग आयलंड सिटीला मिळालंय, म्हणजे क्वीन्समध्ये. तिकिटं, सबवे, काय काय बघायचं ते सगळं ठरलं, गाडी अडलीये ती जेवणावर.

आई पक्की शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. बाबा सगळं खातात, पण मेनू हातात आला की आधी उजवीकडचे आकडे वाचतात, मनातल्या मनात त्याचे रुपये करतात आणि मग म्हणतात "मला काही विशेष भूक नाही, तुम्ही मागवा." दिवसभर चालायचं आणि रात्री अर्ध्या सँडविचवर झोपायचं हे त्या वयात बरं नाही, आणि मला त्यांना पोटभर जेवताना बघायचंय.

त्यात टिप. माझ्या मावसबहिणीला तिथल्या एका रेस्टॉरंटमध्ये बिल भरून निघाल्यावर वेटरने दारापाशी गाठून विचारलं की सर्व्हिसमध्ये काही कमी पडलं का. सगळ्यांसमोर. असं काही बाबांसमोर झालं तर ते दुसऱ्या दिवसापासून बाहेर जेवायलाच यायचे नाहीत. मला कुणाच्या हक्काचे पैसे बुडवायचे नाहीयेत हे आधीच सांगते. फक्त नीट कळायला हवंय की टिप कुठे द्यायचीच, कुठे नाही दिली तरी चालते आणि अशा कुठल्या जागा आहेत जिथे हा प्रश्नच येत नाही. अनुभव असलेल्यांनी सविस्तर लिहा प्लीज.

प्रतिसाद

क्वीन्समध्येच राहतो म्हणून जरा लांबण लावतो. एक गोष्ट पक्की धरा, कुणी टेबलापाशी येऊन ऑर्डर घेतली, ताटं आणून दिली, की टिप द्यायचीच. अमेरिकेत टिप मिळणाऱ्या कामगाराचं केंद्र सरकारचं किमान वेतन 1991 पासून तासाला 2.13 डॉलरवर अडकलंय. न्यूयॉर्क शहरात परिस्थिती बरी आहे, पण तिथेही 2025 साली साधं किमान वेतन 16.50 असताना रेस्टॉरंटच्या वेटरला मालकाने 11 डॉलर दिले की कायद्याने चालत होतं, वरचे साडेपाच टिपमधून यायचे. म्हणजे तुम्ही देता ती टिप त्याच्या पगारातच धरलेली असते. मावसबहिणीच्या बाबतीत वेटरने दारात अडवायला नको होतं, पण त्याचा जीव कशात होता ते यावरून कळेल.

किती द्यायची तर 18 ते 20 टक्के, आणि ती टॅक्स धरायच्या आधीच्या रकमेवर. इथले लोक सोपा हिशोब करतात, बिलावरचा टॅक्स 8.875 टक्के असतो तो दुप्पट करायचा, झाले जवळपास 18 टक्के. आता बाबांसाठी खरा आकडा सांगतो, मेनूवर 20 डॉलर लिहिलेली डिश टॅक्सचे 1.78 आणि टिपचे 4 धरून 25.78 ला पडते. बाबांना हे आधीच घरी समजावून सांगा, बिल आल्यावर धक्का बसत नाही. मेनूतला आकडा सव्वापटीपेक्षा थोडा जास्त धरून चालायचं.

आता दुसरी बाजू. काउंटरवर स्वतः उभं राहून ऑर्डर द्यायची, स्वतःच उचलून आणायचं, अशा ठिकाणी टिपची सक्ती नाही. पण हल्ली तिथेसुद्धा कार्ड लावलं की स्क्रीन तुमच्याकडे फिरवतात, मोठ्या चौकटीत 18, 20, 25 आणि खाली बारीक अक्षरात 'नो टिप' किंवा 'कस्टम'. मागे रांग, समोर तो मुलगा बघतोय, माणूस घाबरून मधलं बटण दाबतो. बिनधास्त 'नो टिप' दाबा, कुणी काही बोलत नाही. आणि ते दाबायचंही जिवावर येत असेल तर रोख द्या, स्क्रीन येतच नाही. नोव्हेंबर 2020 पासून इथल्या दुकानांना आणि खाण्याच्या जागांना रोख घेणं कायद्याने बंधनकारक आहे, त्यामुळे फक्त कार्ड चालेल असं म्हणू शकत नाहीत. एक-एक, पाच-पाचच्या नोटा जवळ ठेवा.

प्रतिसाद

हॉटेल लाँग आयलंड सिटीला आहे म्हणजे लॉटरीच लागली तुम्हाला, 7 नंबरची ट्रेन हाताशी आहे. त्याच ट्रेनने 74 स्ट्रीटला उतरा, जॅक्सन हाइट्स. खाली आलात की समोरच आपली दुकानं, पटेल ब्रदर्स, चाट, मिठाया, आणि थोडं पुढे नेपाळी-तिबेटी मोमोवाले. व्हेज मोमो मिळतात. बऱ्याच ठिकाणी काउंटरच आहे.

पण आईंना सगळ्यात जास्त आवडेल ती जागा म्हणजे फ्लशिंगच्या गणपती मंदिराचं कँटीन. त्याच 7 नंबरचं शेवटचं स्टेशन फ्लशिंग मेन स्ट्रीट, तिथून बाऊन स्ट्रीटपर्यंत चालत पंधरा-वीस मिनिटं धरा. 1977 सालचं देऊळ आहे, कँटीन तळघरात. काउंटरवर पैसे भरायचे, नंबर पुकारला की ट्रे आपण उचलायचा, वेटर नाही त्यामुळे टिपचा विषयच नाही. डोसा, इडली, पोंगल, सगळं शाकाहारी, तेव्हा आईंना प्रत्येक पदार्थात काय आहे ते विचारत बसावं लागणार नाही, आणि परदेशात शाकाहारी माणसाला तेवढी निश्चिंती मिळणं फार मोठं आहे. सुट्टीच्या दिवशी गर्दी असते, साधा वार बघा.

मॅनहॅटनमध्ये असाल तेव्हा ईस्ट व्हिलेजला ह्यूस्टन स्ट्रीटवर पंजाबी डेली आहे, छोटी जागा, टॅक्सीवाल्यांचा अड्डा, भाज्या आणि भात शाकाहारी आणि खिशाला परवडणारं. बसायला जागा धरू नका. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कजवळ मॅकडुगल स्ट्रीटला मामून्स, 1971 पासून फलाफल म्हणजे छोल्यांचे तळलेले वडे विकतायत, ते भरलेला पिटा (रोटीसारखा पाव) घ्यायचा आणि पार्कात बसून खायचा.

प्रतिसाद

रस्त्यावरच्या हलाल गाड्यांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. बाबांना चिकन-राइस, आईंना फलाफल-राइस, साधारण दहा डॉलरच्या आसपास आणि एक प्लेट भरपूर असते. फक्त तो पांढरा सॉस आईंच्या प्लेटवर घालू देऊ नका, त्यात बहुतेक वेळा मेयोनेज असतं म्हणजे अंडं आलं. "नो व्हाइट सॉस" असं आधीच सांगा, त्यांचा हात फार चटचट चालतो. चिकन परततात त्याच तव्यावर बाकीचंही होतं, तेही चालणार आहे का आईंना विचारून ठेवा.

पिझ्झाची स्लाईस पण आहेच. डॉलर स्लाईस म्हणतात पण आता बऱ्याच ठिकाणी दीड डॉलर झालीये. तरी संध्याकाळच्या भुकेला बेस्ट.

प्रतिसाद

सकाळचा नाश्ता बाहेर करूच नका असं माझं मत. सुपरमार्केटमधून दूध, फळं, ब्रेड, दही आणून खोलीतल्या फ्रिजमध्ये ठेवा, साध्या किराण्यावर इथे टॅक्स नाही. तयार गरम जेवणावर मात्र आहे. गंमत बघा, न कापलेला बेगल (मधे भोक असलेला गोल पाव) घरी न्यायला घेतला तर टॅक्स नाही, तोच कापून दिला किंवा क्रीम चीज लावून दिला तर टॅक्स लागतो.

काही मोठ्या सुपरमार्केटमध्ये गरम जेवण वजनावर मिळतं, आपण डब्यात वाढून घ्यायचं. बरं असतं पण रसाच्या भाज्या आणि मोठे बटाटे घेतले की वजन भसकन वाढतं, जरा बघून. दुपारचं असं काही घेऊन ब्रायंट पार्कला जा, तिथे सुट्ट्या खुर्च्या-टेबलं ठेवलेली असतात, कुणीही बसावं. आणि पाणी विकत घेऊ नका कृपा करून, नळाचं पाणी डोंगरातल्या जलाशयांतून येतं आणि छान असतं. रेस्टॉरंटमध्येही "टॅप वॉटर" म्हणा, फुकट देतात. नुसतं वॉटर म्हटलं तर बाटली फोडून बिलात लावू शकतात.

प्रतिसाद

टिप देऊच नये कुठे. पगार देणं मालकाचं काम आहे, गिऱ्हाइकाने का भरायचा? सगळ्यांनी बंद केली तर आपोआप सुधारतील.

प्रतिसाद

@वरचा प्रतिसाद, पद्धत चुकीची आहे हे मलाही मान्य आहे, पण ती मोडायचा भार त्या दिवशी तुमच्या टेबलावर असलेल्या पोरीने का सोसायचा? तिथले नावाजलेले रेस्टॉरंटवाले डॅनी मायर यांनी 2015 मध्ये टिप बंद करून मेनूचेच भाव वाढवले होते, हेतू अगदी चांगला होता. 2020 मध्ये टिप परत आणावी लागली. एवढ्या मोठ्या माणसाला जे टिकवता आलं नाही ते आपण सुट्टीवर जाऊन, एका वेटरचे चार डॉलर कापून बदलणार नाही. परवडत नसेल तर काउंटरवर खावं, त्यात कमीपणा काही नाही. टेबलावर बसलात तर हिशोब पूर्ण चुकता करावा.

धागाकर्ती

किती छान लिहिलंत सगळ्यांनी, मनापासून आभार. मी असं ठरवतेय की रोज एकच वेळ बाहेरचं आणि तेही काउंटर किंवा गाडीवरचं, कँटीन तर नक्की, आणि एखाद्या दिवशी नीट टेबलावर बसून जेवायचं, त्याची टिप मी आधीच वेगळी काढून ठेवणार म्हणजे बाबांना आकडा दिसणारच नाही. पांढऱ्या सॉसचं तर कधी डोक्यातच आलं नसतं, खरंच थँक्यू.

एकच राहिलं. त्या टेबलावरच्या जेवणाला न्यूजर्सीहून माझा चुलतभाऊ, वहिनी आणि मुलं येणार आहेत, आम्ही सातजण होऊ. काही वेगळं लक्षात ठेवायचं का?

प्रतिसाद

हो, आणि हे महत्त्वाचं आहे. सहा किंवा जास्त माणसं असली की बरीच रेस्टॉरंट्स टिप स्वतःच बिलात लावतात, मेनूच्या तळाशी बारीक लिहिलेलं असतं. बिलावर 'ग्रॅच्युइटी' किंवा 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ शोधा. तीच रक्कम आत धरून वर पुन्हा टिपसाठी रिकामी ओळ दिलेली असते आणि नवखी माणसं दोनदा भरतात. सर्व्हिस चार्ज असेल तर तो वेटरला जातो का हे सरळ विचारा, सांगतात. जात असेल तर टिपच्या ओळीवर आडवी रेघ मारायची, खाली एकूण रक्कम लिहायची आणि सही करायची. शक्य असेल तर आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जा, लंच स्पेशल असतात, तेच जेवण रात्रीपेक्षा बरंच स्वस्त पडतं.