कलिंगडाच्या सॅलडला फार पाणी सुटतं, काय चुकतंय?

प्रश्न – गारवा

कलिंगड, काकडी, फेटा चीज आणि पुदिना असं सॅलड आठ जणांसाठी करायचं आहे. मागच्या वेळचं प्रमाण: दीड किलो कलिंगडाचा गर, 2 काकड्या, 200 ग्रॅम फेटा, 1 लाल कांदा, मूठभर पुदिना, 2 लिंबांचा रस, 3 मोठे चमचे ऑलिव्ह ऑइल, 1 चहाचा चमचा मीठ, मिरपूड. सगळं एकत्र कालवून दोन तास फ्रिजमध्ये ठेवलं. बाहेर काढलं तर तळाशी लालसर पाणी, फोडी लिबलिबीत, फेट्याचा गुलाबी लगदा आणि पुदिना काळा. चवही पाणचट. लोक येण्याआधी तयारी उरकायची आहे, तर कुठपर्यंत करून ठेवता येईल?

उत्तर – पाटावरवंटा

प्रमाण बिघडलेलं नाही, क्रम बिघडलाय. कलिंगडात साधारण 92 टक्के पाणी असतं. कापलेल्या फोडीला मीठ लागलं की ते आतलं पाणी बाहेर ओढतं, आणि हे काही मिनिटांतच सुरू होतं. दोन तासांत फोडीत नुसता चोथा उरतो. तुम्ही मीठ दोनदा घातलंत: एकदा चमच्याने, एकदा फेट्यातून. फेटा मिठाच्या पाण्यातच मुरलेला असतो, त्यामुळे वरून मीठ घालायचंच नाही. वाढताना चव बघा, लागलंच तर चिमूटभर भुरभुरा.

असं करून बघा. अडीच सेंटीमीटरच्या फोडी करा. त्याहून बारीक केल्या तर कापलेला भाग वाढतो आणि रसही जास्त गळतो. फोडी चाळणीत घालून खाली भांडं ठेवा आणि अर्धा तास फ्रिजमध्ये निथळू द्या. मीठ न लावता. हा रस सुरीने कापल्यामुळेच सुटलेला असतो, तो सॅलडमध्ये जाता कामा नये. फेकूही नका, थंडगार पिऊन टाका. आटवून ड्रेसिंगमध्ये घालायचा मोह होतो, पण तापवल्यावर त्याचा ताजा वास जातो.

काकडीचं मात्र उलट. ती उभी चिरून चमच्याने बियांचा गिळगिळीत भाग काढा, जाड काप करा, पाव चमचा मीठ चोळून 15 मिनिटं ठेवा आणि घट्ट पिळून घ्या. काकडी पाणी गेल्यावर जास्त कुरकुरीत लागते, कलिंगड मऊ पडतं. म्हणून आधी मीठ फक्त काकडीला.

उत्तर – हिरवी देठं

पुदिन्याबद्दल. सुरीने बारीक चिरला की पानं चेचली जातात आणि कडा काळवंडतात. लिंबाच्या रसात भिजत पडला तर आणखी लवकर. पानं धुऊन कापडावर पूर्ण कोरडी करा, अख्खी ओल्या कागदात गुंडाळून डब्यात ठेवा आणि वाढायच्या क्षणी हाताने दोन-तीन तुकडे करून टाका. आठ जणांना 25-30 पानं भरपूर झाली. मूठभर म्हणजे जरा जास्तच, पुदिना कलिंगडाचा वास दाबून टाकतो.

कांदा कागदासारखा पातळ चिरून 10 मिनिटं गार पाण्यात ठेवा आणि निथळा, उग्रपणा जातो. अर्धा कांदा पुरे.

फेटा मिठाच्या पाण्यातला अख्खा ठोकळाच घ्या. तयार चुरा कोरडा असतो, तुकडे चिकटू नयेत म्हणून त्यात बऱ्याचदा स्टार्चही असतो; ओल्या फोडीला लागला की त्याची पेस्ट होते. ठोकळा फार खारट वाटला तर 15-20 मिनिटं साध्या पाण्यात बुडवून ठेवा, मग टिपून हाताने मोठे तुकडे करा. तो कालवायचा नाही, वरून ठेवायचा.

गारवा

आभारी आहे. एक शंका: फोडींना आधी तेल चोळलं तर पाणी सुटणं थांबेल का? आणि लिंबाचा रस कधी?

उत्तर – पाटावरवंटा

ओल्या फोडीवर तेल टिकत नाही, घसरून तळाशी जातं. म्हणून निथळणं आधी. 3 चमचे तेल, दीड चमचा लिंबाचा रस (2 लिंबं फार होतात, गोडी मरते) आणि मिरपूड झाकणाच्या बाटलीत खळखळून हलवा आणि फ्रिजबाहेर ठेवा, कारण थंडीत ऑलिव्ह ऑइल गोठतं. वाढण्याआधी 5 मिनिटं घाला, त्याआधी नाही.

उत्तर – फोड

कलिंगडच पिठूळ असेल तर या सगळ्याचा उपयोग नाही. जड उचलावं आणि जमिनीला टेकलेला डाग बघावा: गडद पिवळा असेल तर वेलीवर पिकलंय, पांढरट असेल तर कच्चं तोडलंय. तोडल्यावर त्याची गोडी वाढत नाही, त्यामुळे घरी ठेवून काही साधत नाही. फार पिकलेल्याचा गर कणीदार होतो आणि चाळणीतच विरघळतो. दीड किलो गरासाठी साल धरून अडीच किलोच्या आसपासचं फळ घ्या.

साल धुऊनच कापा, नाहीतर सालीवरची घाण सुरीबरोबर गरात जाते. आडवं कापलं की बियांचं कडं दिसतं. त्या कड्यावरून सुरी फिरवली की मधला गाभा जवळजवळ बिनबियांचा सुटतो, आणि तोच सर्वांत गोड असतो. कडेच्या भागातल्या बिया सुरीच्या टोकाने उकरून काढाव्या लागतात.

वेळेचं म्हणाल तर फोडी, काकडी, कांदा, फेटा, पुदिना हे वेगवेगळ्या डब्यांत सकाळी करून ठेवता येतं. फोडींच्या डब्यात जमलेला रस संध्याकाळी पुन्हा ओतून टाका. खोल वाडग्याऐवजी पसरट ताटात मांडा, म्हणजे खालच्या फोडी वरच्यांच्या वजनाने दबत नाहीत. फ्रिजमधून 10 मिनिटं आधी काढा, बर्फासारख्या गार फोडीची गोडी जिभेला कमी जाणवते. मात्र कापलेलं कलिंगड दोन तासांपेक्षा जास्त बाहेर राहू देऊ नका. हवा 32 अंशांच्या वर असेल तर तासाभरातच संपवा.