मदत हवी आहे: आईचं वॉरफरिन आणि चिनी वैद्यांचा काढा

नमस्कार मंडळी. आम्ही सिंगापूरला असतो, आई (वय ७१) सध्या आमच्याकडे आली आहे. हृदयाची झडप बदलल्यापासून तिला रोज वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे. झोप लागत नाही, गुडघे धरतात, म्हणून शेजारच्या आजी तिला त्यांच्या चिनी वैद्यांकडे घेऊन गेल्या. मीही सोबत होते.

वैद्यबाईंनी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून बराच वेळ नाडी पाहिली, जीभ बाहेर काढायला लावली. पोट साफ होतं का, पाय गार पडतात का, रात्री किती वाजता जाग येते, बाबा गेल्यावर जेवण कमी झालं का, सगळं विचारलं. आई इतकं मोकळेपणाने कुठल्याच डॉक्टरांशी बोलली नव्हती. मला ते फार भावलं.

पण काढ्याच्या पुड्यांच्या यादीत दानशेन आणि दांगग्वेई या चिनी औषधी मुळ्या आहेत. या दोन्हींमुळे वॉरफरिनचा परिणाम वाढून रक्तस्राव होऊ शकतो. वॉरफरिनचं सांगायचं आमच्याकडूनच राहिलं. काढा अजून सुरू केलेला नाही, डॉक्टरांची वेळ सोमवारची आहे.

कुणाच्या घरी वॉरफरिनसोबत चिनी उपचार झालेत का? काढा टाळून नुसतं ॲक्युपंक्चर केलंत का, सुयांच्या जागी काळंनिळं पडलं का? आणि डॉक्टर व वैद्य यांच्यात बोलणं कसं घडवून आणलंत? आईला त्या बाईंकडे पुन्हा जायचंय, तिचं मन मोडायचं नाहीये. कृपया अनुभव कळवा.